भिंतीकडे तोंड

इझलिंग्टन, लंडन
३ फेब्रुवारी १८६८

केझाया,

अक्षरावरून तू मला ओळखलंच असशील, आणि ओळखल्याबरोबर हे पत्र शेगडीत टाकायचं मनातही आलं असेल. थांब जरा. आधी सोबतची मासिकं बघ. अकरा वर्षांत तुझ्या धाकट्या बहिणीनं तुला एक ओळ लिहिली नाही, आणि तूही तिला लिहिली नाहीस. दोष कुणाचा ते नंतर ठरवू.

बातमी अशी की एडमंड क्रेल म्हणजे मी. हो, 'डनस्टोक हॉल' ही कादंबरी लिहिणारा तोच. दर महिन्याला अंक निघतो त्या सकाळी पुस्तकांच्या दुकानांसमोर लोक ताटकळत उभे असतात, आणि मी शाल गुंडाळून त्यांच्यात उभी राहून ऐकते. परवा एक जाडजूड गृहस्थ बायकोला सांगत होते, "हा क्रेल नक्की एखाद्या सरदाराचा धाकटा मुलगा असणार. घराची इतकी माहिती बाहेरच्याला असूच शकत नाही!" मी इतकी हसले की मला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

हल्ली ज्या कादंबरीत बघावं तिच्यात एक मोठं घर असतं. लिहिणाऱ्यांपैकी निम्मे लोक तसल्या घरी एकदा जेवायला गेलेले असतात. पुढच्या दारानं आत जातात, दिवाणखाना बघतात, ग्रंथालय बघतात, आणि परत येऊन वेलींनी झाकलेला मनोरा आणि कुलूपबंद खोली लिहितात. आपण दोघी विंटरबी हॉलचा मागचा जिना नऊ वर्षं चढलो-उतरलो. कुठली पायरी करकरते, कुठल्या खोलीत कोण रडतं, कुणाच्या उशीखाली काय असतं, हे त्या घराच्या मालकिणीपेक्षा आपल्याला जास्त ठाऊक. मी तेवढंच लिहिलं, आणि अख्खं लंडन वाचतंय.

तू आता तिथली हाउसकीपर, सगळ्या मोलकरणींवरची मुख्य, झाली आहेस आणि त्या पदाच्या रिवाजानं लग्नावाचून 'मिसेस टॅन्स्ली' म्हणवून घेतेस, असं कळलं. शोभत असेल तुला.

उत्तर नको, असं लिहिणार होते. पण हवं आहे.

डॅमरिस


इझलिंग्टन
२१ फेब्रुवारी १८६८

केझाया,

तुझं उत्तर आलं! वर 'प्रिय' नाही, खाली 'तुझी' नाही, मधे फक्त माझ्या सतरा चुकांची यादी. नोकरांना बोलवायच्या घंटांची फळी स्वयंपाकघराबाहेर नसते, बटलरच्या खोलीबाहेर असते. चांदीच्या भांड्यांना मोलकरणी हात लावत नाहीत. पाहुण्यांच्या चादरी लव्हेंडरमध्ये ठेवतात, गुलाबपाकळ्यांत नव्हे, "आणि हे तुला माहीत असायला हवं, कारण तूच त्या घड्या घालत होतीस." सगळं मान्य. घंटांची फळी मी या आठवड्यात हलवलीसुद्धा. एवढं बारकाईनं मला अजून कुणी वाचलेलं नाही. याचा अर्थ तू चारही अंक शेवटपर्यंत वाचलेस, हे मी ओळखलं आहे बरं का.

तुझ्यापेक्षा जास्त त्रास मला मि. क्विल्टर देतात. ते आमचे संपादक. माणूस चांगला, पण भुताचा भारी शौकीन.

काल म्हणाले, "घर उत्तम जमलंय, मिस टॅन्स्ली. फक्त त्यात भूत नाही."

"एकवीस भुतं आहेत," मी म्हटलं. "सकाळी पाचला उठतात, शेगड्या पेटवतात, पाणी वर नेतात, आणि घरातल्या माणसांच्या दृष्टीस पडत नाहीत."

"विनोद चांगला आहे. पण वाचकाला पांढऱ्या कपड्यांतलं लागतं."

"त्यांचे ॲप्रन पांढरेच असतात."

त्यांनी हात टेकले. मात्र जाताना एक हट्ट धरला: चोरीचा आळ येऊन हाकललेली मोलकरीण शेवटी बर्फात मेली पाहिजे. म्हणे, त्याशिवाय रुमाल भिजत नाहीत.

हो, चोरीचा प्रसंग मी घेतला आहे. मार्चच्या अंकाची छापील प्रत सोबत आहे. थोरले मालक सर रोलंड यांचं सोन्याचं घड्याळ, वरच्या मजल्यावरचा लांब बोळ, आणि तो नियम: घरातलं कुणी समोरून आलं की मोलकरणीनं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. माझी फीबी तशीच उभी असते. समोर काचेची तसबीर. त्या काचेत तिला धाकटे मालक दिसतात, वडिलांच्या खोलीतून बाहेर येताना, हातात घड्याळ. ते तिला पाहत नाहीत, कारण तिला पाहायची त्यांना सवयच नाही. आणि आळ येतो दुसऱ्याच मुलीवर. दुसऱ्या दिवशी फीबी मालकिणीसमोर उभी राहते आणि सगळं सांगून टाकते.

माझ्या मते आजवर लिहिलेल्यांतलं हे सगळ्यांत चांगलं प्रकरण आहे. तुला काय वाटतं ते कळव.

डॅमरिस


इझलिंग्टन
९ मार्च १८६८

केझाया,

तुझी दोन पत्रं एका दिवशी आली. आधी पहिल्याबद्दल.

"फीबी बोलली असं लिहिलं आहेस. मी त्या बोळात तुझ्या शेजारीच उभी होते. मला काही ऐकू आलं नाही."

बस, एवढंच. बाकीचा कागद कोरा.

मग ऐक. कादंबरी म्हणजे शपथेवरची साक्ष नव्हे. जे व्हायला हवं होतं ते लिहिणं हाही माझ्या कामाचा भाग आहे. आणि लेटिस स्वेलला पेटीसकट फाटकाबाहेर काढलं त्या सकाळी तूही चादरी मोजत उभी होतीस. ती मागे वळून वळून तुझ्याकडे बघत होती. मी निदान ते घर सोडलं. तू राहिलीस, आणि तिथल्या किल्ल्या कमरेला लावल्यास.

हे रागात लिहिलं, खोडत नाही.

आता दुसरं पत्र. मालकीणबाई लेडी ऑर्ड यांनी मार्चचा अंक वाचला, तुला वर बोलावलं, आणि म्हणाल्या की तसबिरीच्या काचेची गोष्ट घरातलाच कुणीतरी त्या क्रेलला पुरवतो आहे. कादंबरी संपायच्या आत त्याचं तोंड बंद झालं नाही तर तुला चांगल्या वागणुकीच्या दाखल्याशिवाय जावं लागेल. वीस वर्षांच्या चाकरीनंतर! दाखला नसला की तुला इंग्लंडभर भांडी घासायचंही काम मिळणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे. तू मात्र लिहितेस, "घाबरू नकोस, मी तुझं नाव सांगितलेलं नाही." केझी, मी तुला एवढं लागट लिहिलं, आणि तू तिथं माझं नाव गिळून उभी राहिलीस.

मी येते आहे. सोमवारी. आणि पुढच्या दारानं येणार आहे.

डॅमरिस


विंटरबी, गावातली सराई
१६ मार्च १८६८

केझी,

क्रेल सोमवारी येणार अशी चिठ्ठी मी धाडली होती; ती मिळाल्यावर बाईसाहेबांनी तुला मुद्दाम दिवसभरासाठी लिंकनला पाठवलं, म्हणून काय झालं ते लिहून ठेवते. सराईची मालकीण हे पत्र तुझ्याच हातात देईल.

पुढच्या दाराशी नवा हुजऱ्या होता. "एडमंड क्रेल आले आहेत, असं सांग," म्हटलं. त्यानं माझ्या मागे बघितलं, साहेब कुठं दिसतात का म्हणून. मी म्हटलं, "बघू नकोस, मी एकटीच आहे."

दिवाणखान्यात मी नऊ वर्षं रोज सकाळी गुडघ्यांवर बसून शेगडी साफ केली. आज पहिल्यांदा तिथल्या खुर्चीत बसले. खुर्ची टोचते. आपण उगीच हेवा करत होतो.

लेडी ऑर्ड आल्या. म्हाताऱ्या झाल्यात, पाठ मात्र तशीच ताठ.

"टॅन्स्ली," त्या म्हणाल्या. "धाकटी. चादरींवरची."

"हो, बाईसाहेब. आणि गोष्टही माझीच. केझायानं मला एक अक्षर पुरवलेलं नाही. काचेत मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

मला वाटलं, आता चिडतील, नाही तर नाकारतील. त्यांनी चहा ओतला.

"माझ्या सुनेनं वाचलं, पाहुण्यांनी वाचलं. माझा मुलगा जॉसलिन या वर्षी पार्लमेंटला उभा राहतो आहे. लोक तर्क करायला लागलेत. तुमच्या गोष्टीत पुढे काय होतं?"

"खरा चोर कोण ते सगळ्यांना कळतं."

"बदला ते. चोर म्हणून एखादी परदेशी शिक्षिका आणा. सगळ्या कादंबऱ्यांत असते. तुमची बहीण मग मरेपर्यंत या घरात राहील, आणि म्हातारपणी तिला बागेतलं घर मिळेल."

"आणि लेटिस स्वेल?"

तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ते घड्याळ मला आठवड्यातच सापडलं होतं. लिंकनच्या सोनाराकडे. मी स्वतः जाऊन सोडवून आणलं. मुलगी तोवर गेली होती. गेलेल्या मुलीला परत बोलवायचं, म्हणजे का बोलावलं ते सांगावं लागतं."

अकरा वर्षं, केझी. आपण दोघी त्या बोळातलं गुपित छातीशी धरून बसलो, आणि हिला ते आठवड्यातच कळलं होतं! चहा प्यावासा वाटेना. मी म्हटलं, "उत्तर कादंबरी संपायच्या आत मिळेल. नोकरी माझी जाणार नाही, माझ्या बहिणीची जाणार आहे. म्हणून ठरवायचं तिनं."

मी उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या गोष्टीतली ती मुलगी माझ्यापुढे येऊन बोलते. मला आठवत नाही असं कुणी आल्याचं."

"नाही," मी म्हटलं. "कुणीच आलं नव्हतं."

हे त्यांना सांगितलं, तर तुलाही सांगायला हवं. मी लेटिससाठी घर सोडलं, हे मी लंडनमध्ये इतक्यांदा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. त्या महिन्यात आलेल्या पाहुण्याबाईंनी मला लंडनला चांगली जागा देऊ केली, म्हणून मी गेले. लेटिसला काढलं त्या सकाळी तू चादरी मोजत होतीस, आणि मी त्यांच्या घड्या घालत होते. तू वळून पाहिलंस तरी. मी मान वर केली नाही.

तर आता तू सांग. शिक्षिका आणू म्हणालीस तर आणीन, आणि तुला कधीही बोल लावणार नाही.

डॅमरिस


ग्रिम्सबी
२ एप्रिल १८६८

माझ्या केझी,

तुझं पत्र उघडलं तर आत एकच शब्द: "लिही." तेवढ्या एका शब्दासाठी तू पूर्ण कागद वापरलास, कागद जपून वापरणारी तू. मी तो टेबलासमोर टाचून ठेवला आणि नऊ दिवसांत शेवटचं प्रकरण पुरं केलं. त्यात फीबी कबूल करते की आपण बोललोच नव्हतो. बोललो असं इतकी वर्षं मनाशी रंगवत आलो. मि. क्विल्टरांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "भुतापेक्षा वाईट आहे हे. छापू." मी सांगितलं, "माझ्या नावानं." त्यांनी टक्कल खाजवलं आणि हो म्हणाले.

पण छापण्याआधी लेटिसला दाखवायला हवं होतं. तिला शोधायला मला चार दिवस लागले. ग्रिम्सबीच्या धक्क्यावर तिची खाणावळ आहे. तळलेला मासा, पाव, वाफाळता चहा. खलाशांची ही गर्दी. लेटिस चांगली गलेलठ्ठ झाली आहे, नवरा मासेमारीच्या बोटीवर, चार मुलं. मला बघून तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

"टॅन्स्लींची धाकटी! काय गं, घड्याळ सापडलं का?"

गिऱ्हाईक पांगल्यावर तिला सगळं सांगितलं आणि प्रकरण वाचून दाखवलं. मासे साफ करता करता ऐकत होती. एकदाच तिनं मला थांबवलं.

"ती पोरगी मरत नाही ना शेवटी?"

"संपादकांना तिला बर्फात मारायची होती."

"त्यांना म्हणावं, तुम्हीच जा बर्फात. मला संध्याकाळी साठ माणसं जेवायला घालायची असतात, मरायला वेळ नाही."

मी हसले. तीही हसली. मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "छान लिहिलंयस. पण याचा मला काय उपयोग?"

मला वाटलं होतं ती रडेल, माझा हात धरेल. खोटं कशाला बोलू, तशी तयारी करूनच गेले होते.

"माझी आई विंटरबीत आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी पेटी घेऊन दाराशी गेले, तर तिनं दार लावून घेतलं. पोरं झाली तेव्हा निरोप धाडले, उत्तर नाही. तिला वाचता येत नाही, डॅमरिस. तुझी कादंबरी लंडनच्या मडमा वाचतील, आणि माझ्या आईला कोण सांगणार की ती फीबी म्हणजे तू, आणि ती पोरगी म्हणजे मी? मला खऱ्या नावांचा कागद हवा. तुमच्या दोघींच्या सह्यांचा. आणि तो गावासमोर मोठ्यानं वाचायचा. तेवढं करणार असशील तर बस, मासा खा. नाही तर ती बघ परतीची वाट."

मी बसले. मासा खाल्ला. मग इथल्या मॅजिस्ट्रेटसमोर कागद केला: सर रोलंडचं घड्याळ जॉसलिन ऑर्ड यांनी नेलं, डॅमरिस आणि केझाया टॅन्स्ली यांनी ते पाहिलं आणि त्या गप्प राहिल्या, लेटिस स्वेल निर्दोष आहे. माझी सही झाली; कागद आणि प्रकरण दोन्ही सोबत पाठवते. खालची जागा तुझी.

शेवटच्या प्रकरणाची छपाई मला इथून परत गेल्यावर डोळ्यांखालून घालायची आहे. ती उरकून सव्वीस तारखेच्या रविवारी मी विंटरबीला येते. प्रार्थनेनंतर लोक चर्चमधून बाहेर पडतील तेव्हा वाचू. वाचेन मीच. तू फक्त शेजारी उभी राहा, म्हणजे झालं.

तुझी डॅमरिस


विंटरबी
२० एप्रिल १८६८

प्रिय डॅमरिस,

आधी कामाचं. मी गुरुवारच्या गाडीनं लंडनला येते आहे, दुपारी किंग्ज क्रॉसला उतरेन. एक पेटी, एक टोपली. महिनाभर राहीन. पुढं लिंकनमध्ये पाहुण्यांना खोल्या देणारं छोटं घर चालवायचा विचार आहे. जागा बघून ठेवली आहे. मला दाखल्याची गरज पडणार नाही.

तू पाठवलेल्या प्रकरणात दोन चुका आहेत. भेटल्यावर सांगेन.

आता दुसरं. तुझी वाट पाहिली नाही. कागद काल वाचला.

लेटिसची म्हातारी आई मार्था गेल्या आठवड्यात पडली. एका आठवड्यानंतर ती चर्चपर्यंत चालू शकेल की नाही, कुणी सांगेना. शनिवारी मी जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे जाऊन सही केली, लेटिसला तार केली, आणि संध्याकाळी बाईसाहेबांना किल्ल्या दिल्या. "याचा विचार केला आहेस का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अकरा वर्षं केला." त्यांनी किल्ल्या मोजून घेतल्या. बरोबर भरल्या.

खरं सांगायचं तर मार्था पडली नसती तरी मी थांबले नसते. तू आली असतीस तर तू वाचलं असतंस, आणि छान वाचलं असतंस, लोकांनी तुझ्याकडे पाहिलं असतं. मला ते माझ्या तोंडून व्हायला हवं होतं. रागावू नकोस.

पाद्रीबाबांनी आत वाचायला नकार दिला. म्हणून प्रार्थना सुटल्यावर मी बाहेरच्या दगडी पायरीवर उभी राहिले. माझा आवाज सुरुवातीला फुटेना. मागून लोहार ओरडला, "मिसेस टॅन्स्ली, बटलरवर ओरडता तसं वाचा!" लोक हसले. मग आवाज आला.

ऑर्ड मंडळींची बग्गी फाटकाशी उभी होती. बाईसाहेब माझ्या अंगावरून सरळ निघून गेल्या आणि आत बसल्या. सर जॉसलिन थांबले. मी त्यांचं नाव वाचलं तेव्हा ते दहा पावलांवर होते. मी नाव गाळलं नाही आणि हळूही वाचलं नाही. मला वाटलं, आता माझ्या हातातून कागद घेतील. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग गर्दीत लेटिसला शोधून काढलं आणि म्हणाले, "खरं आहे." लेटिस म्हणाली, "मला माहीत आहे, साहेब. यांना सांगा." तेव्हा ते लोकांकडे वळून पुन्हा तेच बोलले, जरा मोठ्यानं. बग्गी त्यांना न घेताच गेली. ते शेतातून चालत गेले.

मार्था चर्चच्या कबरस्तानाच्या भिंतीला टेकून बसली होती, शेजारणीच्या आधारानं. काठी टेकत ती आधी माझ्याकडे आली.

"तू होतीस तिथं?"

"होते."

"आणि तुझी बहीण?"

"तीही."

"मग दर रविवारी माझ्या पुढच्या बाकावर बसत होतीस, ते काय म्हणून?"

मी माफी मागितली नाही. मागितली असती तर ती द्यायचं ओझं तिच्यावर पडलं असतं.

तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग वळली. लेटिस चार पावलांवर उभी होती, धाकट्या पोराला कडेवर घेऊन. सगळं गाव बघत होतं. शेवटी मार्थानं पोराच्या गालाला बोट लावलं आणि विचारलं, "हा काय खातो?"

"सगळं खातो," लेटिस म्हणाली.

"चल तर," म्हातारी म्हणाली. "घरी रस्सा आहे."

लेटिसनं तिचा दंड धरला, आणि त्या हळूहळू टेकडी उतरत घराकडे गेल्या. दार उघडंच होतं.

तुझी
केझाया